वॉकीवरचं तू

क्रेनवर बसणारा आणि खाली उभा राहून त्याला सांगणारा, या दोघांचं लग्न लागलेलं असावं लागतं, असं मुकादम नेहमी म्हणायचा. सिग्नलवाल्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. खाली तो, वर त्याची बायको. बाकीच्यांचा देव वर असतो, माझी बायको वर असते, असं तो चहा पिताना सांगायचा आणि प्रत्येक नव्या साइटवर प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. जुनी मंडळी त्यानं तोंड उघडायच्या आधीच हसायला लागायची.

तिला सगळे वहिनी म्हणत. ती साइटवर आली होती गोदाम सांभाळायला. पण हिला उंचीची भीती नाही हे मुकादमाच्या ध्यानात आलं, कंपनीनं क्रेन शिकवली, आणि एकदा जी ती शिडी चढली ती खाली यायची फक्त जेवायला. तिच्या हातात काय होतं ते सांगून पटत नाही, बघावं लागायचं. विटांनी भरलेला लोखंडी पाळणा ती जमिनीवर ठेवायची तेव्हा धूळ उडायची नाही. काचेचं तावदान खिडकीपाशी असं आणून धरायची की आतल्या माणसानं फक्त हात पुढे करायचा. गवंडी म्हणायचे, वहिनी लोड ठेवत नाहीत, निजवतात.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली होती. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात ती त्याला अहो म्हणायची. तिची आई तिच्या वडिलांना म्हणायची, बहीण आपल्या नवऱ्याला म्हणायची, तशी तीही. वॉकीटॉकीवरचं तिचं पहिलं बोलणं असं होतं की अहो, ऐकलंत का, तुम्ही जरा तिथून बाजूला होता का, म्हणजे मला हे खाली ठेवता येईल. आता वॉकीचं एक असतं. बटण दाबून एकजण बोलत असला की त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. तो खालून ओरडत होता, थांब थांब, आणि तिचं वाक्य काही संपत नव्हतं. संपलं तेव्हा पाळणा त्याच्या टोपीवर लोंबकळत होता. मुकादमानं स्वतःची वॉकी तोंडाशी धरली आणि सगळ्या साइटला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, तुमचं अहो संपेपर्यंत तुमचे अहो संपतील."

मग त्यानं दोघांना समोर बसवून रीत घालून दिली. वॉकीवर मानपान नाही. वर, खाली, डावी, उजवी, घे, हो, थांब. एक शब्द बोलायचा, बटण सोडायचं, एक श्वास घ्यायचा. त्या श्वासात समोरच्याला काही सांगायचं असेल तर त्यानं सांगायचं. पुढचा शब्द आला तर काम पुढे, नाही आला तर दोर असेल तिथे उभा. खाली कंपनीचा मालक येऊन उभा राहिला तरी वॉकीवर तोही तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून आवाज आला, "बाजूला हो." कुणीतरी शिट्टी मारली. चारचौघांत बायकोनं नवऱ्याला असं म्हणायचं म्हणजे काय, असं हसू सगळ्यांच्या तोंडावर होतं. सिग्नलवाल्याचे कान तापले. पण तो बाजूला झाला, पाळणा खाली आला आणि धूळ उडाली नाही. संध्याकाळी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तशी ती म्हणाली, अहो, ती पिशवी द्या इकडे. जणू सकाळी वर बसलेली बाई वेगळीच होती.

पुढे सगळी वर्षं असंच चाललं. घरी अहो, वर तू. घरात भांडण झालं की अबोला असायचा, पण सकाळी वॉकी सुरू झाल्यावर तोंड उघडावंच लागायचं, आणि दिवसभर डावी घे, हळू, अजून, बस, असं करता करता संध्याकाळी भांडण कशावरून होतं तेच आठवायचं नाही. दोन लोडांच्या मध्ये मोकळा वेळ असला आणि तो उन्हात उभा असला तर वरून यायचं, "सावलीत हो." तो व्हायचा. त्या तूमध्ये घरच्या अहोपेक्षा काहीतरी जास्तीचं होतं हे त्याला कळत होतं. त्यानं तसं कधी बोलून दाखवलं नाही. असलं काही बोलून दाखवायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

साइटच्या बाहेर तिनं त्याला तू म्हटलं ते एकदाच. दवाखान्यात तिला स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं होतं आणि दोन वॉर्डबॉय एकमेकांकडे बघत उभे होते. तो मदतीला मध्ये घुसला. तर चादरीखालून बारीक पण नेहमीच्या आवाजात हुकूम आला, "डोक्याकडचा, तू आधी धर. पायाकडचा, थांब. आता दोघं." आणि मान न वळवता, "आणि तू बाजूला हो. मध्ये येतोयस."

तो बाजूला झाला. वॉर्डबॉयनी तिला असं ठेवलं की चादरीला घडी पडली नाही. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. आठवड्याच्या आत गेली.

साइटवर तिची क्रेन काही दिवस झाकून ठेवली होती. मग कंपनीनं नवी ऑपरेटर पाठवली. तिला सगळे नवी म्हणायला लागले. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, शिडी न थांबता चढायची आणि केबिनमध्ये शिरण्याआधी बूट पुसायची. पहिल्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत ती खाली आली ती कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. वहिनींनी जुन्या कपड्यांची शिवलेली गादी होती ती, केबिनमधल्या खुर्चीवरची. नवीनं ती दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, काका, ही काकूंची आहे, मी बसले नाही हिच्यावर. त्यानं ती घेतली. आभारी आहे, म्हणाला. त्याच्या तोंडून आभारी आहे ऐकून शेजारचा वेल्डर जेवायचा थांबला.

त्या दिवसापासून सिग्नलवाला वॉकीवर आपण म्हणायला लागला. आपण आता उजवीकडे घ्यावं. कृपया जरा थांबावं. लोकांना वाटलं, शिकलेली मुलगी आहे, सर्टिफिकेटवाली, म्हणून मान देतोय. त्यानं स्वतःलाही तेच सांगितलं. खरं म्हणजे वॉकी तोंडाशी धरून घे म्हणायला गेलं की जीभ जड व्हायची. ते बटण, तो शब्द आणि वर बसलेली ती हे सगळं एकत्र बांधलेलं होतं. त्यातलं एक उचललं की बाकीचं वर यायचं. आपण म्हटलं की काही वर येत नव्हतं. बँकेत पैसे काढल्यासारखं बोलणं व्हायचं आणि दिवस सरायचा.

नवीनं ते मुकाट्यानं घेतलं. ती त्याला काका म्हणायची, तुम्ही म्हणायची, त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायची आणि मग हो काका म्हणून काम करायची. काम तिचं बरं होतं. बरं म्हणजे बरंच. धूळ उडायची, पण कमी.

त्या सकाळी सळयांची मोळी खाली घ्यायची होती. सिग्नलवाला मोळीकडे तोंड करून उभा होता, वॉकीचं बटण दाबलेलं, आणि सांगत होता की आता आपण थोडं थोडं डावीकडे घेत घेत सावकाश खाली आणावं, घाई करू नये, मी इथून बघतोच आहे. असं बोलत तो मोळीला जागा करून द्यायला एकेक पाऊल मागे सरकत होता. मागे जिन्याची पोकळी होती, खोल विहिरीसारखी. तिच्या तोंडावरच्या फळ्या सकाळीच काढलेल्या होत्या. त्याला ते ठाऊक होतं, पण बोलण्याच्या नादात डोक्यातून गेलं होतं.

वरून नवीला सगळं दिसत होतं. ती बोलू शकत नव्हती, कारण त्याचं बटण दाबलेलं होतं आणि वाक्य अजून चालू होतं. तिनं क्रेन जागच्या जागी थांबवली आणि भोंगा दाबला. तो दचकून उभा राहिला. टाच पोकळीच्या काठावर होती. एक दगड आत पडला आणि तो तळाशी पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

क्रेन अशी एकदम थांबवली की लोड झोके घेतं. मोळीनं एक झोका घेतला, पाण्याचा ड्रम आडवा केला आणि परांचीचा एक बांबू मोडला. कुणाला लागलं नाही. पण मुकादमानं पाहिलं ते एवढंच की नवीच्या हातून लोड हललं. तो शिडीखाली जाऊन उभा राहिला. नवी उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं विचारलं काय झालं. ती सिग्नलवाल्याकडे न बघता म्हणाली की माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही.

सिग्नलवाला तिथेच उभा होता. पोरीनं त्याचा जीव वाचवला होता आणि चारचौघांत काका चुकले असं म्हणायला लागू नये म्हणून आरोप स्वतःच्या डोक्यावर घेत होती. त्याला तिचं एवढं कौतुक वाटलं की आधी राग आल्यासारखंच वाटलं. "हिची काही चूक नाही," तो म्हणाला. "मी पोकळीत चाललो होतो. हिनं भोंगा वाजवला नसता तर तुला आता तिथे दोर सोडावा लागला असता."

मुकादमानं पोकळीकडे बघितलं, ड्रमकडे बघितलं, आणि नवीला जेवायला पाठवलं. मग सिग्नलवाल्याला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. कारखान्यातून तयार होऊन आलेले जिने परवा याच पोकळीत सोडायचे. वरच्याला आत काही दिसत नाही. ज्याला खाली दिसतं त्याचा आवाज आणि वरच्याचे कान, एवढ्यावर सगळं काम.

"तू खाली कीर्तन करणार आणि ती वर हात जोडून बसणार," मुकादम म्हणाला. "मी ऐकतोय गेले कित्येक दिवस. मी काही बोललो नाही, मला कळतं रे. पण जिना कीर्तन ऐकत नाही. तुमच्या दोघांतलं एक बदलावं लागेल. तू जुना माणूस, तुला कसा काढू? मग उरली ती."

"ती कुठे जाईल?"

"घरी. तिची नोकरी अजून पक्की नाही, परीक्षेची मुदत चालू आहे. इथून परत पाठवली तर कंपनी दुसरीकडे बसवत नाही. वडील नाहीत तिला, आई आणि ती. मला काय हौस आहे?"

सिग्नलवाला म्हणाला, मी बघतो. मुकादम म्हणाला, बघ, उद्याचा दिवस आहे.

उद्याचा दिवस तसाच गेला. हलकी लोडं होती, फळ्या आणि सिमेंट. सिग्नलवाल्यानं ठरवलं होतं की सकाळपासून सुरुवात करायची. बटण दाबलं, तोंड उघडलं आणि निघालं, कृपया. वरून हो काका आलं. दुपारी गोदामात जाऊन त्यानं बंद वॉकी हातात धरली आणि भिंतीला सांगून बघितलं. घे. खाली घे. भिंतीला सांगता आलं. बाहेर येऊन क्रेनकडे मान वर केली तर उन्हात केबिनची काच चमकत होती, आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं, आणि पुन्हा जीभ टाळ्याला.

संध्याकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची, बँकेत खिडकीवर बसायची आणि घरी जाताना त्याचा डबा देऊन जायची. ताई गेल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. जिभेला हाड नव्हतं, पण आमटीला कधी मीठ कमी पडलं नव्हतं. तिनं डबा टेबलावर ठेवला. तो म्हणाला, बसावं, आपण चहा घेणार का?

ती बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, दिवसभर मी लोकांना आपण म्हणते. आपली सही राहिली, आपण उद्या यावं. ज्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही त्यांना म्हणते. तुम्ही मला लग्नात फ्रॉकवर बघितलंय. नाक पुसलंय माझं. मी काय तुमच्याकडे खातं उघडायला आले?"

त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. मग तो खुर्चीत बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. पोकळी, भोंगा, नवीनं अंगावर घेतलेली चूक, परवाचे म्हणजे आता उद्याचे जिने. आपण का म्हणतो तेही सांगितलं, जसं जमलं तसं. तो शब्द तिचा होता, म्हणाला. वापरला तर संपेल असं वाटतं.

मेहुणी आता बसली. बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही.

"ताई मला काय सांगायची ठाऊक आहे? घरात अहो म्हणते ते आईनं शिकवलं म्हणून, म्हणायची. वर तू म्हणते ते ह्यांना काही होऊ नये म्हणून." तिनं झाकण लावलं. "तो शब्द म्हणजे शोभेला ठेवायची वस्तू नव्हती, भाऊजी. ताईनं तुम्हाला त्यानं सांभाळलंय. आता त्या मुलीच्या हातात काय आहे तुम्हाला सांभाळायला? भोंगा?"

जाताना दारात वळून म्हणाली, आणि उद्यापासून मला ये-जा म्हणा, नाहीतर डब्याचं बिल लावीन.

सकाळी सिग्नलवाला नवीच्या आधी शिडीपाशी जाऊन उभा राहिला. पिशवी खांद्याला होती. नवी आली, त्याला बघून थबकली. तिला वाटलं असावं, हा आपल्याला घरी पाठवल्याचा निरोप द्यायला उभा आहे. नमस्कार काका, म्हणाली, आणि हातमोजे हातातच धरून राहिली.

त्यानं आदल्या रात्री मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही आठवेना. शेवटी तो म्हणाला, "परवा तू मला वाचवलंस."

तू ऐकून तिनं मान वर केली.

"आणि मी तुला बोलायला जागा ठेवली नव्हती. आज ठेवतो. मी एक शब्द बोलीन आणि बटण सोडीन. त्या वेळात तुला काही दिसलं, काही वाटलं, तर बोल. मी मोठा, मी काका, ते सगळं इथे शिडीखाली ठेवून वर जा. वॉकीवर मला तू म्हणायचं."

नवी घाबरून हसली. "मला नाही जमणार, काका. मी घरात आईशिवाय कुणालाही तू म्हणत नाही."

"मग वर गेलीस की मला आई समज."

ती तोंडावर हातमोजा धरून हसली. तोही हसला. तिकडून येणारा मुकादम ते बघून वाटेतच थांबला आणि उगाच एका पाइपची तपासणी करायला लागला.

जिना जड होता. सबंध एक मजल्याचा, पायऱ्यांसकट ओतलेला. साखळ्यांनी चार ठिकाणी धरून तो उचलला तेव्हा साइटवरची बाकीची कामं आपोआप थांबली. पोकळीच्या खालच्या मजल्यावर, दाराच्या चौकटीत, सिग्नलवाला उभा होता. हातात टॉर्च, तोंडाशी वॉकी. वर आभाळाचा एक चौकोन दिसत होता. तो चौकोन जिन्यानं हळूहळू झाकला आणि आत अंधार झाला.

त्यानं बटण दाबलं. जीभ जड होती. त्यानं ती तशीच उचलली.

"खाली घे."

बटण सोडलं. श्वास घेतला. साखळीचा आवाज आला आणि जिना हातभर खाली आला.

"खाली."

आला.

"खाली. हळू."

हळू आला. इतका हळू की त्याला वर बघावंसं वाटलं. त्याच्या लक्षात आलं की ती त्याचा शब्द ऐकत नव्हती फक्त. तो शब्द कसा बोलतोय ते ऐकत होती. त्यानं खाली हा शब्द ओढून म्हटला की जिना ओढून यायचा, तोडून म्हटला की तुटक यायचा. इतके दिवस कृपया आणि आपण यांच्याखाली त्याचा आवाज झाकलेला होता, तिला तो ऐकूच आला नव्हता. आज आला, आणि ती तो असा धरत होती की त्याला सांगायला दुसरं काही लागत नव्हतं.

"डावी. थोडी. बस. खाली."

जिना त्याच्या डोक्याच्या दोन हात वर होता. सगळं ठीक दिसत होतं. त्यानं बटणावर बोट ठेवलं, पुढचा शब्द तोंडात आला होता.

"थांब," वरून आवाज आला.

तो थांबला.

"वजन कमी दाखवतंय. कुठंतरी टेकलाय. वर बघ, काका. तू बघ आधी."

त्यानं टॉर्च वर मारला. आधी काही दिसेना. मग दिसलं. मागच्या कोपऱ्यात, त्याच्या उभं राहण्याच्या जागेवरून आडोशाला, भिंतीतून सळईचं एक टोक कापायचं राहून गेलं होतं, आणि जिन्याची कड त्यावर बसली होती. एका बाजूची साखळी सैल पडायला लागली होती. अजून एक खाली म्हटलं असतं, तर ती कड सुटली असती आणि सगळा जिना त्या बाजूनं हिसडा मारून खाली आला असता. केबिनमधल्या वजन दाखवणाऱ्या पडद्यावर एक आकडा हलला होता, एवढंच. तेवढं तिनं बघितलं होतं, आणि त्याच्या वाक्याची वाट न बघता त्याच्या श्वासात शिरली होती.

"वर घे. थोडं," तो म्हणाला. त्याचा आवाज नीट निघाला याचं त्याला नवल वाटलं.

जिना वीतभर वर गेला. साखळ्या सारख्या ताणल्या. वेल्डरला बोलावलं. तो वरच्या मजल्याच्या दारातून वाकून सळईचं टोक कापून गेला. मग पुन्हा खाली, खाली, उजवी, खाली, आणि जिना आपल्या जागेवर बसला. सिग्नलवाल्यानं टॉर्च खालच्या पायरीकडे वळवला. पायरीखाली सिमेंटची बारीक भुकटी सांडलेली होती. ती होती तशीच पडून होती.

"बसला?" वरून विचारलं.

"बसला."

मग त्यानं पुन्हा बटण दाबलं, कारण ते म्हणायला हवं होतं आणि बायको वर असताना वॉकीवर ते नेहमी म्हटलं जायचं. "शाब्बास."

जेवायच्या सुट्टीपर्यंत दोन जिने झाले होते. मुकादमानं येऊन बसवलेल्या पायऱ्यांवरून वर-खाली जाऊन बघितलं, जणू घर विकत घेणार आहे. कौतुक करायची त्याला सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला की उरलेले उद्या, दोघांनी वेळेवर या. मग जाता जाता सिग्नलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि गेला.

नवी शिडी उतरून आली. हात धुतले, आणि डबा घेऊन त्याच्याजवळ आली. "काका, तुम्ही जेवलात का?" ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. जणू वर बसलेली मुलगी वेगळीच होती. त्याला बस आठवली, खिडकीची जागा आठवली, आणि त्यानं ते आठवू दिलं. "नाही अजून," म्हणाला. "बस."

जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून गादी काढली. मेहुणीनं धुऊन दिली होती, एक टाका उसवला होता तो घालून. त्यानं ती नवीपुढे धरली. वरची खुर्ची कडक आहे, दिवसभर पाठ जाते, म्हणाला, घेऊन जा. नवीनं ती दोन्ही हातांनी घेतली, पहिल्या दिवशी दिली होती तशीच. गादी तिच्या बंदांनी खांद्याला अडकवून न थांबता शिडी चढून गेली.

दुपारचा पहिला ट्रक यायला वेळ होता. सिग्नलवाला मोकळ्या जागेत उभा राहून रस्त्याकडे बघत होता. ऊन टोपीतून आत येत होतं. त्याला ते जाणवलंही नव्हतं. कमरेची वॉकी खरखरली.

"काका, सावलीत हो."

त्यानं वर बघितलं. केबिनची काच चमकत होती, आतलं काही दिसत नव्हतं. तो सावलीत झाला.